दुतोंडीचं इख

अंजनाला कोयनेच्या खोऱ्यात दिली तेव्हा दहिवडीकडच्या बाया म्हणाल्या, पोरीनं नशीब काढलं. त्यांचं काय चुकलं? ज्यांचा निम्मा जन्म घागरी घेऊन झऱ्याच्या रांगेत बसण्यात गेला, त्यांना दारात पाणी वाहतं म्हणजे स्वर्गच वाटणार. अंजनाचा बाप दुष्काळाला कंटाळून कोयनेच्या धरणावर खडी फोडायला गेला होता. पाटणच्या वरच्या अंगाचे आण्णा त्याच टोळीत होते. एकाला सून पाहिजे होती, दुसऱ्याला लेक उजवायची होती. दोघांनी एका चिलमीवर सोयरीक पक्की केली आणि पोरीला काही विचारायचं असतं हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

लग्नानंतर नवरा धनाजी पंधरा दिवस घरी राहिला आणि मुंबईला गिरणीत परत गेला. मग पाऊस लागला. माहेरी, माणात, जेवढा दोन वर्षांत पडत नाही तेवढा तिथं आठवड्याला पडायचा. घराला चारी बाजूंनी गवताच्या झडपा बांधलेल्या, आत चुलीचा धूर, गुरांचा वास आणि अंधार. ओढ्याला पूर आला की पलीकडची वाट बंद, एसटी बंद, पत्र बंद. सासू रंगुबाई वाईट नव्हती. मोठी जाऊ बनाबाईही मनानं चांगली होती, फक्त तिला कुठलीही गोष्ट हळू आवाजात सांगता येत नसे. सगळे चांगलेच होते. पण चार महिने चांगल्या माणसांबरोबर कोंडून घेतलं तरी ते कोंडणंच असतं. माहेरचं उघडं माळरान आठवून अंजनाचा जीव गुदमरायचा, आणि हे सांगायचं कुणाला? पाण्याला नावं ठेवणारी सून कुणी ऐकून घेतली असती?

तिची सुटका एकच. रोज सकाळी डोक्यावर इरलं घेऊन शेणाची पाटी घराच्या मागच्या खताच्या खड्ड्यात टाकायला जायचं. खड्ड्यापलीकडे केळीची चार खुंटं होती आणि त्यांच्या बुडाशी एक ओहोळ. चौसष्ट सालच्या आषाढात तिथंच तिनं पाय धुवायला म्हणून एक चपटा दगड उचलला, आणि खाली ती दिसली.

हातभर लांब, जांभळट काळी, दोन्ही अंगांना हळदीच्या रंगाची पट्टी. अंगावर एकाला एक लागून वळी, बांगड्या भरल्यासारखी. तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे पटकन कळू नये असं रूप. अंजनानं दगड टाकला आणि पळत घरी आली. रंगुबाईला विचारलं तर तिनं दोन्ही कानांना हात लावले. ती दुतोंडी, म्हणाली. दोन्हीकडून चावती. नागाचा उतार हाय, हिचा न्हाई. गावात कुणाला चावली होती हे मात्र कुणालाच सांगता येईना. जी चावल्याचं कुणी पाहिलं नाही तिचंच भय जास्त, ही आपल्या लोकांची रीत जुनी आहे.

शिकलेली माणसं त्या जनावराला देवगांडूळ म्हणतात. ते गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. पण हे अंजनाला कोण सांगणार? तिनं ते आपल्या डोळ्यांनी शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी लांब काठीनं तिनं दगड पुन्हा कलता केला. ती तिथंच वेटोळं घालून होती आणि वेटोळ्याच्या पोटात मण्यांच्या माळेसारखी अंडी होती, एकाला एक चिकटलेली, वीस-पंचवीस तरी. पळाली नाही, फूत्कारली नाही. अंडी सोडून ती जाणार कुठं? माझ्यासारखीच अडकलीय की, असं अंजनाच्या मनात आलं, आणि त्या दिवसापासून तिची भीती गेली.

मग रोजचा नेम झाला. पाटी रिकामी करायची, दगड कलता करायचा, घटकाभर बघायचं. दुतोंडीला डोळे होते ते कातडीखाली, मोहरीएवढे. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक बारीक कोंब होता, तो आत-बाहेर करत ती माती चाचपायची. अंग सदा ओलं आणि चिकट. ती अंडी अंगानं उलटीपालटी करी, त्यांना कोरडं पडू देत नसे. एक अंडं घरंगळून बाजूला पडलं होतं, ते दोन दिवसांत बुरशीनं पांढरं झालं. आईच्या वेटोळ्यातली मात्र काचेसारखी स्वच्छ राहिली. हळूहळू त्यांत पिलं हलताना दिसू लागली, आणि त्यांच्या मानेशी लाल पिसांसारखं काहीतरी. बेडकाच्या पिलांना पहिले दोन दिवस असतं तसंच. सापाला असं कुठं असतं? हे बेडकाचं गोत आहे, हे अंजनानं तिथंच ओळखलं. एकदा एक गांडूळ समोरून चाललं होतं. दुतोंडीनं ते पकडलं, पण ते निम्मं गिळलं तरी दुसरं निम्मं वळवळतच होतं. विष असतं तर गांडूळ जागच्या जागी गार पडलं असतं. तिच्यापुरतं तिला पटलं. सांगितलं मात्र कुणाला नाही. त्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती.

श्रावण लागला. एका सकाळी सासरे आण्णा म्हणाले, खड्डा भरत आलाय, आज ओहोळाच्या बाजूनं खणून वाढवतो. अंजनाच्या हातातली भाकरी तिथंच थांबली. ती खुरपं घेऊन लगेच मागं गेली. तिचा विचार असा की आई आणि अंडी मातीच्या ढेपळासकट उचलायची आणि ओहोळापलीकडच्या केळीखाली ठेवायची. दगड तिनं सरकवला, खुरपं मातीत घातलं, आणि घाईत ते निसटून उजव्या हाताच्या करंगळीला लागलं. रक्त आलं. दुतोंडी उलगडून तिच्या मनगटाला घासून मातीत जायला लागली. नेमकी त्याच क्षणी बनाबाई राख टाकायला आली.

बनाबाईनं पाहिलं ते इतकंच: मातीत हात, हाताला रक्त आणि हातावर दुतोंडी. तिची किंकाळी ओढ्यापलीकडे गेली म्हणतात. आण्णा काठी घेऊन धावले, पण दुतोंडी निसटली होती. अंजना सांगत होती की खुरपं लागलंय, चावलं काही नाही. ऐकतो कोण? शेजारच्या आप्पासोनं सुंभाची दोरी आणून मनगटाच्या वर आणि कोपराच्या वर अशी दोन ठिकाणी करकचून आवळली. डसलेल्या माणसाला घरात न्यायचं नाही, अशी गावाची रीत. तिला भैरोबाच्या देवळात नेऊन खांबाला टेकवून बसवली. झोपू द्यायचं नाही, पाणी द्यायचं नाही, एकटं सोडायचं नाही. दाराला सगळं गाव. पाटणला दवाखाना होता, पण ओढा छातीच्या वर वाहत होता.

देवरुशी कोंडीबा आला. हा माणूस लबाड होता असं कुणी समजू नये. सत्तरीचा, मऊ हाताचा, कुणाकडून नारळापलीकडे काही न घेणारा. आपल्या मंत्रावर त्याचा मनापासून विश्वास होता, आणि लबाड माणसापेक्षा असल्या माणसाच्या हातून सुटणं फार अवघड असतं. त्या पावसाच्या मुलखात कडूलिंब धड जगत नाही. पण कोंडीबानं देवळामागं एक झाड पोराबाळासारखं जपलं होतं, याच कामासाठी. त्याचा पाला आणून त्यानं अंजनाच्या तोंडात घातला. इख भिनलं असेल तर पाला गोड लागतो, नसेल तर कडू, ही परीक्षा पंचक्रोशीला ठाऊक होती.

अंजनाला हायसं वाटलं. ती पाला चावून गिळून मोकळी झाली आणि म्हणाली, "कडू हाय."

आणि तिथंच घात झाला. माणात लिंबाशिवाय दुसरी सावली नाही. अंजना लिंबाच्या काडीनं दात घासत वाढली, शेरडांना पाला ओरबाडताना दोन डहाळ्या स्वतःच्या तोंडात टाकायची, आणि दर चैत्रात आजी तिला पाल्याची गोळी चारायची. तिला तो कडू लागायचा, पण आपल्याला कात लागावा तितकाच. तोंड वाकडं झालं नाही, अंगावर शहारा नाही, थुंकणं नाही. आजूबाजूच्या बायांनी नुसत्या वासानं तोंडं फिरवली होती, आणि ही बाई कोथिंबीर खावी तशी मूठभर पाला खाऊन बसली होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"कडू म्हंती," कोंडीबा हळूच म्हणाला, "पर त्वांड सांगतंय ग्वाड. दुतोंडीचं इख हाय ह्ये. माणसाकडनं खोटं बोलवून घेतंय."

तिनं जीव तोडून सांगितलं की आमच्याकडं आम्ही हा पाला रोज खातो. आप्पासो हसला. रोज लिंब खाणारी माणसं कुठं असतात होय? तिनं सांगितलं, ती दुतोंडी अंड्यांवर बसलेली, मी महिनाभर रोज बघतेय. हे ऐकून तर रंगुबाईनं कपाळावर हात मारला. महिनाभर रोज बघत होती म्हणजे दुतोंडीनं तिला कवाच भूल घातली होती. खरं बोलावं तर आणखी रुतावं, असं ते झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घटका गेली, दुसरी गेली. दोरीखालचा हात आधी लाल झाला, मग निळा. बोटं फुगली. बनाबाईनं बघितलं आणि रडायला लागली, इख चढलं, हात निळा पडला. अंजना म्हणाली, दोरीनं पडलाय, दोरी सोडा. कोंडीबानं प्रेमानं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि खांद्याखाली तिसरी दोरी बांधायला सांगितली. त्याच्या मते हात जितका काळा, दोरी तितकी गरजेची. दोरी जितकी घट्ट तितका हात काळा होणार, हे त्या दीडशे माणसांत एकीलाच कळत होतं, आणि तिचं बोलणं इखाचं बोलणं ठरलं होतं. धनाजी असता तर? तिला वाटलं, धनाजीनंही दोरीच आवळली असती. रडत रडत, पण आवळली असती.

आता बोटं दुखायची थांबली होती, आणि तिला खरी भीती वाटली ती तेव्हा. हा हात गेला तर भाकरी कशानं थापायची, रोप कशानं लावायचं, आणि हात नसलेल्या सुनेला हे घर ठेवील का माहेरी धाडील? माहेरी तरी कुणाच्या दारात? तिला भाताची लावणी अजून नीट येत नव्हती. ती शिकायच्या आधीच हात जाणार होता. ती मोठ्यानं रडली. रडणंही इखाचंच ठरलं.

कोंडीबा बसल्या बसल्या लोकांना मागची हकीकत सांगत होता. चार सालांमागं नाथाजीला नाग डसला, तवा पाला आधी साखरेसारखा लागला. मी मंतर घातला, पानी मारलं, आन् घटकाभरानं नाथाजी थूं थूं करत उठला, कडू लागतंय म्हणून. इख उतरलं की लगीच दोऱ्या सोडायच्या. मग येळ लावायचा न्हाई, न्हाईतर हात जातो.

अंजनानं डोळे पुसले. तिनं हे दोनदा मनात घोळवलं. म्हणजे दोरी सुटते ती कडू म्हटल्यावर नव्हे. आधी गोड म्हणावं लागतं, मग कडू. या देवळाला बाहेर जायची वाट होती, पण ती खोट्यातून जात होती.

तिनं पाला मागितला. चावला. आणि म्हणाली, "ग्वाड लागतंय."

सून विषानं मरायला टेकली हे पक्कं झाल्यावर घरचे इतके सुखावलेले कुणी पाहिले नसतील. रंगुबाईनं भैरोबाला नवस बोलला, आप्पासो मान डोलवायला लागला, बनाबाईनं नाक पुसलं. कोंडीबाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. मंत्र झाले, तोंडावर पाण्याचे हबके झाले, निरगुडीच्या डहाळीनं खांद्यापासून बोटांपर्यंत झाडून झालं. अंजना आतल्या आत आकडे मोजत होती. फार लवकर म्हणावं तर पटणार नाही, फार उशीर करावा तर हात राहणार नाही. पाचशेपर्यंत मोजल्यावर तिनं पुन्हा पाला तोंडात घेतला. पण कडू लागल्याचं तोंड कसं करायचं ते तिला येत नव्हतं. समोर बनाबाई बसली होती. दर खेपेला अंजनाच्या तोंडात पाला गेला की हिचं तोंड आपोआप वेडंवाकडं व्हायचं. अंजनानं तिच्याकडं टक लावून बघितलं आणि तसंच्या तसं तोंड केलं. डोळे मिटले, जीभ बाहेर काढली, अंग झटकलं, पाला थुंकला.

"कडू गं बया, लय कडू."

लोकांनी भैरोबाच्या नावानं चांगभलं केलं. कोंडीबाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोऱ्या सुटल्या, आणि रक्त बोटांकडे धावलं तेव्हा अंजना अशी ओरडली की कुणाला शंकाच राहिली नाही.

हात वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र आत वळलं ते वळलंच, त्यांना ना चटका कळे ना काटा. पाचव्या दिवशी ती मागं गेली. आण्णांनी भीतीनं खणणं सोडून दिलं होतं, दगड होता तिथंच होता. पण गावानं तिथली माती तुडवून, काठ्या आपटून सोडली होती. आई परत फिरकली नव्हती. अंडी सगळी पांढरी, बुरशीची लव आलेली. अंजनानं ती डाव्या हातानं माती ओढून झाकली आणि तिथंच बसून ढसाढसा रडली.

पुढचा पावसाळा आला. अंजनाचा जीव जडला होता तो बनाबाईच्या नऊ वर्षांच्या हौशीवर. पोर सारखी तिच्या मागं मागं असायची आणि विचारायची, चुलते, दुतोंडी कशी असती गं? एका दुपारी अंजनाला राहवलं नाही. ओहोळाच्या वरच्या अंगाला कुजक्या पाल्याखाली दुसरी एक दिसली होती, ती तिनं हौशीला दाखवली. कातडीखालचे डोळे दाखवले, कोंब दाखवला. ही बेडकाची भावकी, कुणाला काही करत न्हाई, असं सांगितलं. वर्षभर पोटात दाबलेलं खरं कुणाला तरी सांगितलं म्हणून तिला हलकं वाटलं. पण पोरांना नुसतं बघून कुठं भागतं? चार दिवसांनी हौशी एकटीच गेली, दुतोंडी मुठीत घट्ट धरली, आणि जीव घाबरल्यावर त्या मुक्या जनावरानं तिचं बोट चावलं. दाताच्या बारीक टिंबांची एक ओळ, घोंगडीच्या टाक्यांसारखी, आणि रक्ताचे दोन थेंब.

अंजना रानातून येईपर्यंत हौशी देवळात होती. तोच खांब, तीच सुंभाची दोरी. कोंडीबा तिला पाला भरवत होता. हौशीनं तोंड वेंगाडलं, पाला भडाभडा थुंकला आणि किंचाळली, कडू हाय, कडू हाय मला. कुणाही देवरुशानं त्याच क्षणी दोरी सोडावी इतकं ते खरं होतं.

आप्पासो मान हलवून म्हणाला, "अंजीबी आदी कडूच म्हणाली हुती."

कोंडीबानंही मान हलवली. दुतोंडीच्या इखाची खूणच ती, आधी कडू म्हणायला लावतं. बनाबाईनं स्वतः दोरीची दुसरी गाठ ओढली.

अंजना लोकांना ढकलत पुढं झाली. देवाची आण घेऊन तिनं सगळं सांगितलं. मला काही चावलं नव्हतं, खुरपं लागलं होतं. पाला मला गोड लागलाच नव्हता, दोरी सुटावी म्हणून मी खोटं बोलले. दुतोंडीला इख न्हाई, पोरीला सोडा. क्षणभर तिला वाटलं, लोकांनी ऐकलं.

कोंडीबा उठला. त्यानं तिचा उजवा हात हातात घेतला, लेकीचा घ्यावा तसा, आणि ती दोन वळलेली बोटं गावापुढं धरली.

"इख नव्हतं, तर ह्ये काय हाय पोरी?"

तिच्याकडे उत्तर होतं. दोरी. पण ज्या दोरीनं ती वाचली असं सगळं गाव मानत होतं, त्या दोरीचं नाव कसं घ्यायचं? तिनं घेतलंही, पण बाया आपसात बोलायला लागल्या होत्या. अजून अंगात थोडं राहिलंय म्हणत होत्या. रंगुबाईनं तिला मागं ओढलं.

हौशीची बोटं लाल झाली होती. निळी व्हायला फार वेळ नव्हता. अंजनानं सासूचा हात सोडवला आणि म्हणाली, मी पोरीला धरून बसते, घाबरलीय ती. याला कुणाची हरकत नव्हती. डसून उठलेल्या बाईचा हात लागणं चांगलंच, असं कोंडीबाही म्हणाला. ती खांबापाशी बसली, हौशीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदर दोघींच्या तोंडावर ओढला.

"ग्वाड म्हण," ती तिच्या कानात म्हणाली. "आत्ताच म्हण. मग मी चिमटा घेतला की कडू म्हण."

हौशीचं तोंड अजून कडूच होतं. लाळ गळत होती. तिनं मान वर करून चुलतीकडं पाहिलं. चारच दिवसांपूर्वी हीच बाई तिला म्हणाली होती की डोळ्यांनी दिसतं ते खरं मानायचं, लोक काहीही बोलू देत.

"पर चुलते, कडूच लागतंय की गं," ती म्हणाली.

"व्हय बाळा," अंजना म्हणाली. "ग्वाड म्हण."

पोरीनं पाला तोंडात घेतला, गिळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ग्वाड. लोक सुखावले, कोंडीबा मंत्र म्हणायला लागला. अंजनानं आपली दोन मेलेली बोटं हौशीच्या फुगलेल्या बोटांवर ठेवली आणि एकपासून मोजायला सुरुवात केली.